खुंटीवरची बंदूक

आमच्या कोकणात बंदूक ही नवलाई नाही. रानडुकरं भात लोळवतात, वानरं बागा नासवतात; म्हणून शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक गावोगाव असते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, हाही अनेकांचा रिवाज.

माझ्या लहानपणी चाचांची एकनळी माजघरात खुंटीवर असे. बागेच्या गडग्यावरून त्यांचं नि धाकट्या भावाचं वाजलं. एका संध्याकाळी चाचांचा हात खुंटीकडे गेला. दादीनं मला शेजारच्या मास्तरांकडे पिटाळलं. मास्तर आले, पडवीत बसले, चहा मागितला. उपदेशाचा एक शब्द नाही. रात्री उशिरापर्यंत चाचांचं गाऱ्हाणं ऐकत राहिले. सकाळी म्हणाले, "भाई, निवडणुकीत ठेवता ना ही ठाण्यात? तशीच वाद निवेपर्यंत ठेवू. मी येतो बरोबर."

गडग्याचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. पण तो भांडायला दोघे भाऊ जिवंत राहिले.

पुढे गॅरी स्लुटकिन या अमेरिकन डॉक्टरांविषयी वाचलं. आफ्रिकेत कॉलरा, एड्सच्या साथींशी झुंजून ते शिकागोला परतले. त्यांना दिसलं, गोळीबारही साथीसारखा पसरतो. एका गोळीला दुसरी उत्तर देते. मग उपायही साथीचाच. २००० साली त्यांनी वस्तीतलीच, लोक ज्यांचं ऐकतात अशी माणसं नेमली. भांडण पिस्तुलापर्यंत जाण्याआधी ती मध्ये बसू लागली. मला आमचे मास्तर आठवले.

आपल्याकडे भिवंडीनं १९८४ ची दंगल भोगली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसह नेमानं एकत्र बसू लागले. बारीकसारीक तंटे तिथंच मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

कायदा हवाच, परवान्याची तपासणीही हवी. पण परवाना घेताना माणूस शांत असतो. राग नंतर येतो. गावात तापाची चौकशी करायला आशाताई दारोदार फिरतात. रागाची चौकशी कोण करणार? आमचे मास्तर आता नाहीत. त्यांची पडवीतली जागा रिकामी आहे. ती आपल्यापैकीच कुणाला तरी घ्यावी लागेल.

(आकाशवाणी, रत्नागिरीवरील भाषण. संपादित)