शिक्षेची मुदत आणि पालकत्वाची मुदत

अमेरिकेत एखादे मूल घरात सुरक्षित नाही असे बालकल्याण खात्याला वाटले, तर न्यायालयाच्या संमतीने ते घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात किंवा नातेवाइकांकडे ठेवले जाते. या व्यवस्थेला तिथे फॉस्टर केअर म्हणतात. प्रस्तुत व्याख्यानात तिच्यासाठी प्रतिपालन हा शब्द वापरला आहे. प्रतिपालन दत्तकाहून वेगळे असते, कारण मूल दुसऱ्याच्या घरी वाढत असले तरी कायद्याने त्याचे आईबाप आईबापच राहतात आणि घर सावरले की त्याने परत जावे, म्हणजेच कुटुंबाचे पुनर्मीलन व्हावे, असे मूळ सूत्र असते. हे शक्य नाही असे न्यायालयाचे मत झाले, तर पालकत्वाचे हक्क संपुष्टात आणले जातात. त्यानंतर आई त्या मुलाची कायद्याने कोणीच उरत नाही आणि त्याला भेटण्याचा किंवा ते कुठे आहे हे विचारण्याचाही हक्क तिला राहत नाही. हा निवाडा फौजदारी न्यायालयात होत नाही, आणि त्याचा हेतू शिक्षा करण्याचा नसून मुलाचे रक्षण करण्याचा असतो. परंतु आईबापांपैकी एखाद्याच्या नावावर गुन्ह्याची नोंद असली, की रक्षण आणि शिक्षा यांतली ही सीमारेषा पुसट होऊ लागते.

आईने किंवा बापाने केलेला गुन्हा त्या मुलाच्या सुरक्षिततेविषयी जेवढे सांगतो, तेवढेच त्याला वजन द्यावे, ही भूमिका येथे मांडावयाची आहे. अमेरिकन कायद्याच्या शब्दांत ही भूमिका बरीचशी आढळतेही. मात्र प्रत्यक्ष कारभारात गुन्ह्याची नोंद कालमर्यादेच्या आणि गरिबीच्या वाटेने आत शिरते, आणि ज्या पालकांपासून मुलाला कधीच धोका नव्हता त्यांचीही मुले कायमची तुटतात.

१९८० च्या कायद्याने राज्यांवर असे बंधन घातले की, मूल घरातून काढण्यापूर्वी ते घरीच राहावे यासाठी आणि काढल्यानंतर ते परत जावे यासाठी 'वाजवी प्रयत्न' केले पाहिजेत. वाजवी म्हणजे किती, हे त्या कायद्याने सांगितले नाही. पुढील दीड दशकात दोन तक्रारी एकाच वेळी वाढत गेल्या: मुले प्रतिपालनात वर्षानुवर्षे अडकून पडतात, घरोघरी फिरतात आणि कोणाचीच होत नाहीत, आणि दुसरीकडे, मारहाण करणाऱ्या पालकांच्या हाती मुले सोपवली जातात. विस्कॉन्सिनमधील डीशेनी प्रकरण या दुसऱ्या तक्रारीचे सर्वांत वेदनादायक उदाहरण होय. संशय आल्याने रुग्णालयातून ताब्यात घेतलेला मुलगा खात्याने बापाकडे परत दिला, त्यानंतरच्या जखमांची नोंद खात्याच्या कर्मचारी करीत राहिल्या, आणि १९८४ मध्ये, वयाच्या चौथ्या वर्षी, बापाच्या मारहाणीने त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये राज्याला यासाठी घटनेनुसार जबाबदार धरता येत नाही असा निर्णय दिला. पुनर्मीलनाचा पक्ष मांडणाऱ्या कोणालाही हे प्रकरण बाजूला सारता येणार नाही.

या अस्वस्थतेतून १९९७ चा दत्तक व सुरक्षित कुटुंब कायदा आला. काही गुन्ह्यांच्या बाबतीत त्याने पुनर्मीलनाच्या प्रयत्नांची सक्ती काढून टाकली. आपल्याच दुसऱ्या अपत्याचा खून, अपत्याला गंभीर इजा करणारा हल्ला, छळ, लैंगिक अत्याचार अशा प्रसंगी खात्याने थेट पर्यायी कायमस्वरूपी घर शोधावे, असे ठरले. ही यादी योग्यच म्हणावी लागेल, कारण तीत गुन्हा आणि मुलाचा धोका यांचा संबंध उघड आहे. परंतु त्याच कायद्यात दुसरे एक कलम आहे. मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने प्रतिपालनात राहिले असेल, तर पालकत्व संपुष्टात आणण्यासाठी राज्याने अर्ज दाखल केलाच पाहिजे. मूल नातेवाइकाकडे असेल, अर्ज न करण्याचे सबळ कारण नोंदवलेले असेल, किंवा ठरलेल्या सेवा खात्यानेच पुरवल्या नसतील, तर तेवढी सवलत आहे. ही कालमर्यादा गुन्हा कोणता हे पाहत नाही; तरीही चोरी, बनावट धनादेश किंवा अमली पदार्थ जवळ बाळगणे अशा गुन्ह्यांसाठी दोन वर्षांची शिक्षा झालेल्या आईवर ते खुनाच्या कलमाइतकेच जड पडते, कारण ती सुटून येण्याआधीच १५ महिने उलटून गेलेले असतात. फौजदारी न्यायाधीशाने दिलेली शिक्षा दोन वर्षांची असते आणि कॅलेंडरने दिलेली जन्माची. हा कायदा झाला तो काळ अमेरिकेतील तुरुंग झपाट्याने भरत चालल्याचा होता. आईबापांपैकी एखादा तुरुंगात असलेल्या मुलांची संख्या २०१० मध्ये प्यू या संस्थेने सुमारे २७ लाख, म्हणजे दर २८ मुलांमागे एक, अशी मांडली होती. यांतील बहुसंख्य मुले आजी, मावशी किंवा दुसऱ्या पालकाकडे राहतात. पण ज्या घरात असे कोणी नसते, तिथे फौजदारी कायदा आणि बालकल्याणाचा कायदा एकमेकांना येऊन मिळतात.

तुरुंगातील आई अशा न्यायालयात कशी उभी राहते, हे पाहण्यासाठी १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेले लॅसिटर प्रकरण थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम येथील एका आईचे तान्हे मूल १९७५ मध्ये, त्याला आवश्यक वैद्यकीय उपचार मिळत नाहीत या कारणाने, खात्याने ताब्यात घेतले. पुढील वर्षी तिला खुनाबद्दल २५ ते ४० वर्षांची शिक्षा झाली. १९७८ मध्ये तिचे पालकत्व संपवण्याचा अर्ज सुनावणीला आला, तेव्हा तिला तुरुंगातून न्यायालयात आणण्यात आले. खात्यातर्फे वकील होता, तिच्या बाजूने कोणीही नव्हते. समाजसेविकेची उलटतपासणी तिलाच घ्यावी लागली. प्रश्न विचारण्याऐवजी ती आपले म्हणणे सांगू लागे आणि न्यायाधीश तिला थांबवून प्रश्न विचार असे बजावत. तिची इतर चार मुले तिच्या आईकडे वाढत होती आणि हे पाचवेही या आजीकडेच द्यावे, भावंडे एकत्र राहावीत, अशी तिची मागणी होती. आजीही साक्षीला उभी राहिली. साक्षीपुराव्यात काही विसंगती असती, तर वकिलाने ती नेमकी याच ठिकाणी पकडली असती. निकाल असा लागला की, मुलाविषयी तिने हेतुपुरस्सर आस्था दाखवली नाही, म्हणून तिचे पालकत्व संपले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, अशा प्रत्येक सुनावणीत गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील देणे घटनेनुसार बंधनकारक नाही. बहुतेक राज्यांनी पुढे आपापल्या कायद्याने वकील दिला ही समाधानाची गोष्ट आहे. पण तुरुंगात असल्यामुळे भेटू न शकणाऱ्या आईचे न भेटणे हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो, ही रीत त्यामुळे संपली नाही.

शिक्षा भोगून बाहेर आल्यावरचा भाग अधिक खडतर आहे. पुनर्मीलनासाठी न्यायालय पालकाला एक योजना आखून देते. तीत बहुधा राहते घर, नियमित उत्पन्न, व्यसनमुक्तीचे उपचार, पालकत्वाचे वर्ग आणि ठरलेल्या भेटी एवढ्या गोष्टी असतात. मागणी रास्त आहे, मुलाला घर लागतेच. परंतु १९९६ च्या कल्याणकारी मदतविषयक कायद्याने अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांची अन्नसाहाय्य आणि रोख मदत जन्मभरासाठी बंद केली. राज्यांना ही बंदी शिथिल करण्याची मुभा होती आणि बहुतेकांनी ती पुढे वापरली, पण मधल्या वर्षांत कित्येक आईबापांना तिची झळ बसली. सरकारी घरांचे नियमही याच काळात कडक झाले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओकलंडमधील वृद्ध भाडेकरूंच्या प्रकरणात असे मान्य केले की, घरातील माणसाने किंवा पाहुण्याने अमली पदार्थांचा गुन्हा केला, तर भाडेकरूला त्याची कल्पना नसली तरी तिला घराबाहेर काढता येते. मुलगी तुरुंगातून सुटून आली, तर तिला आसरा द्यावा की स्वतःचे छप्पर राखावे, हा पेच मग अशा भाडेकरू आजीपुढे उभा राहतो. नातेवाइकांनी मूल सांभाळायचे म्हटले तरी नोंद आड येते: १९९७ च्या कायद्यानुसार मागील पाच वर्षांतील मारहाणीच्या किंवा अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्याची शिक्षा असलेल्यांना प्रतिपालक म्हणून मान्यता मिळत नाही. एक खाते ज्या गोष्टी मागते त्याच गोष्टी दुसरे खाते नाकारते, आणि अपयश मात्र आईच्या खाती जमा होते.

सुधारणेच्या वाटा अमेरिकेतच सापडतात. न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड हिल्सच्या महिला तुरुंगात १९०१ पासून तान्ह्या बाळांना आईजवळ ठेवण्याची सोय आहे, आणि मोठ्या मुलांच्या भेटीसाठी तिथे स्वतंत्र बालकेंद्र आहे, जिथे काचेआडून बोलण्याऐवजी मूल आईच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकू शकते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तुरुंगातील पालकालाही पुनर्मीलनाच्या सेवा देणे हा नियम केला आणि न देणे हा अपवाद. फोन, भेटीसाठी वाहन, मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकांना मदत यांचा त्यात उल्लेख आहे, आणि सेवा नाकारायच्या तर त्या मुलाला हानिकारक ठरतील हे सबळ पुराव्याने दाखवावे लागते. न्यूयॉर्कने २०१० मध्ये असे ठरवले की, तुरुंगात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात असलेला पालक पत्रांनी, फोनने, भेटींनी मुलाच्या आयुष्यात अर्थपूर्ण स्थान राखून असेल, तर १५ महिन्यांचा अर्ज न करण्याचे ते कारण मानावे. वॉशिंग्टन राज्याने २०१३ मध्ये याच दिशेने पाऊल टाकले. आईच्या गुन्ह्यापेक्षा तिचे मुलाशी असलेले नाते हे कायदे आधी पाहतात, म्हणून ते महत्त्वाचे आहेत.

यावर मुलाच्या बाजूने येणारा आक्षेप गंभीर आहे. तीन वर्षांच्या मुलाची दोन वर्षे म्हणजे त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य असते. प्रतिपालक घरातच ते बोलायला शिकते, आणि त्याला तेथून उपटणे हीसुद्धा हानीच असते. दहा किंवा वीस वर्षांची शिक्षा झालेल्या पालकासाठी मुलाला ताटकळत ठेवावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु मुलाला स्थिर घर द्यायचे म्हणजे आईशी असलेले नाते कायद्याने मारलेच पाहिजे, हे त्यातून निघत नाही. नातेवाइकाकडे कायम पालकत्व देऊन आईचा भेटीचा हक्क राखता येतो, आणि अशा नातेवाईक-पालकांना आर्थिक साहाय्य देण्याची सोय केंद्रीय कायद्याने २००८ मध्ये केलीही आहे. हक्क संपवल्यावर दत्तक घेणारे कोणी मिळालेच नाही, तर ते मूल कायद्याने अनाथ होते. अशा मुलांसाठी तुटलेले पालकत्व पुन्हा जोडून देण्याची तरतूद कॅलिफोर्नियाला २००५ मध्ये करावी लागली, यावरून आधीच्या घाईचा अंदाज येतो.

भारतीय कायद्यात १५ महिन्यांसारखी कालमर्यादा नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला असून मुलाला कुटुंबात परत पोहोचवणे हे बालगृहाचे मुख्य उद्दिष्ट सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तुरुंगात आईजवळ राहू देण्याविषयी आणि त्यांच्या आहार, आरोग्य, शिक्षणाविषयी तपशीलवार निर्देश दिले. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कैदी आणि त्यांच्या कुटुंबांसोबत काम करीत आला आहे, आणि महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत कैद्यांच्या मुलांचाही समावेश होतो. इथली अडचण नाते तोडण्याची नसून ते विसरले जाण्याची आहे. सहा वर्षे पूर्ण झालेले मूल आईपासून वेगळे होऊन बालगृहात जाते, बालगृह एका जिल्ह्यात आणि कारागृह दुसऱ्या जिल्ह्यात असते, आणि मुलाखतीला, म्हणजे कारागृहातील भेटीला, घेऊन जायला माणूस नसला की महिने जातात. त्यामुळे कैदी पालकाच्या मुलाविषयी बालकल्याण समिती जेव्हा आदेश काढते, तेव्हा गुन्ह्याचा या मुलाच्या सुरक्षिततेशी काय संबंध आहे, पुढील मुलाखत कोणत्या तारखेला आहे आणि मुलाला तिथे कोण नेणार आहे, या तीन गोष्टी त्याच आदेशात लिहिणे समितीवर बंधनकारक करता येईल. त्यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही, राज्याच्या नियमांत तेवढी भर पुरेशी आहे.