मुंबई बंदराची जुनी चित्रकार्डे



मुंबई बंदराची शतकापूर्वीची चित्रकार्डे पाहताना मन थबकते. १८८० साली सुरू झालेला प्रिन्सेस डॉक, त्याच्या शेजारचा व्हिक्टोरिया डॉक, डोलकाठ्यांची दाटी, धक्क्यावरील कापसाच्या गाठी! १४ एप्रिल १९४४ रोजी कापूस आणि स्फोटके एकत्र लादलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटाने हा परिसर उद्ध्वस्त झाला. पुढे दुरुस्ती झाली. पण आज ते दोन्ही डॉक बुजविले गेले आहेत. त्यांचे जुने रूप आता या कार्डांवरच भेटते.

कार्डांवर डॉकचे नाव छापलेले असते, गाठी वाहणाऱ्या हमालाचे नसते. म्हणून घरातील जुनी कार्डे, छायाचित्रे रद्दीत देऊ नका. वडीलधाऱ्यांना विचारून मागे स्थळ, साल, नावे लिहून ठेवा, एवढीच विनंती करतो.