सात मिनिटांचं अंतर

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. इथल्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग सहसा मोडत नाही. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, आणि तिथून पुढे धाराशिव. पण नकाशावर पट्टी ठेवून सोलापूर-धाराशिव अंतर मोजलं, तर ते सरळ रेषेत साठेक किलोमीटर भरतं. ताशी पाचशे किलोमीटर वेगाचं विमान हे अंतर सात-आठ मिनिटांत कापेल.

कागदावर.

प्रत्यक्षात सात मिनिटांत विमान धड वरही पोचत नाही. नेहमीची उंची गाठायला त्याला पंधराएक मिनिटं लागतात, आणि सगळ्यात जास्त इंधन जळतं ते याच चढणीत. म्हणून जवळजवळच्या गावांमध्ये विमानं उडत नाहीत. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामध्ये मात्र छोटं विमान रोज जातं. अंतर तीन किलोमीटरही नाही, प्रवास दोन मिनिटांचा. पण तिथे मधे समुद्र आहे. तामलवाडीच्या दोन्ही अंगांना शिवारं आहेत, आणि इथूनच जाणारा सोलापूर ते येडशी हा चौपदरी रस्ता 9 जानेवारी 2019 रोजी राष्ट्राला अर्पण झालेला आहे.

विमानाचा उपयोग आहे तो लांबच्या गावासाठी. होटगी रस्त्यावरच्या सोलापूर विमानतळावरून 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि 15 ऑक्टोबरला मुंबईचं. या भागानं त्याची फार वाट पाहिली होती. मुंबई रेल्वेनं 455 किलोमीटर. हवेतून साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे तासाभराचा प्रवास. पण तामलवाडीच्या माणसाचा तास वेगळा असतो. आधी सोलापूर गाठायचं, गर्दीतून शहर ओलांडून होटगी रस्त्याला लागायचं, तासभर आधी विमानतळावर हजर राहायचं, आणि मुंबईत उतरल्यावर पुन्हा दादरपर्यंतची गर्दी. तासाचे चार तास होतात. तरीही पहाटे सहाला सुटून साडेसहा तास घेणाऱ्या वंदे भारतपेक्षा हे कमीच, आणि आजारी माणूस सोबत असेल तर त्या दोन-अडीच तासांचं मोल फार मोठं. त्यामुळे विमानाच्या वेळापत्रकाइतकीच काळजी तामलवाडीहून विमानतळापर्यंतच्या रस्त्याची घ्यायला हवी.

याच सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर कोजागरीला अंतराचा हिशेब पार बदलतो. सोलापुरातून आणि कर्नाटकातून लाखो भाविक तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघतात. त्या दिवसांत वाहनं दुसऱ्या मार्गानं वळवली जातात आणि चौपदरी रस्ता माणसांनी भरून जातो. ताशी चार किलोमीटर धरले, तरी पंचेचाळीस किलोमीटरला अकरा तास. संध्याकाळी निघालेले मध्यरात्रीच्या सुमारास तामलवाडीत पोचतात. कुणी कडेला बसून पोटऱ्यांना तेल चोळतं, कुणी चहाचा कप दोन्ही हातांत धरून उभ्यानंच डुलकी घेतं. लेकरू बापाच्या खांद्यावर झोपलेलं असतं. मग कुठून तरी ‘आई राजा उदो उदो’ उठतं, चपला पुन्हा पायात चढतात, आणि घाटाची चढण अजून पुढेच असते.