बाळंतिणीची सोबत

बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म, असें मराठी घरांतून पूर्वापार म्हटलें जातें. पूर्वीं पहिलटकरीण माहेरीं येई. कळा सुरू झाल्या कीं सुईण तिच्याजवळ बसे, ती मूल हातीं येईपर्यंत उठत नसे. त्या खोलींत माया होती, पण शास्त्र थोडें होतें. धनुर्वातानें, जंतुदोषानें आणि रक्तस्रावानें किती माता व अर्भकें दगावलीं, याची गणती नाहीं. प्रसूति रुग्णालयांत गेली, हें योग्यच झालें. मात्र सुईणीच्या अज्ञानाबरोबर तिची सोबतही पुष्कळ ठिकाणीं दाराबाहेर राहिली. परिचारिका मधूनमधून येऊन तपासून जाते; मधले तास स्त्री एकटीच काढते.

या सोबतीचें मोल केवळ भावनेचें आहे काय? ग्वाटेमाला देशांतील एका रुग्णालयांत या प्रश्नाची परीक्षा झाली. तिचा वृत्तांत १९८० सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं स्त्रियांजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई अखंड बसविली. तिनें पाठ चोळावी, हात धरावा, धीर द्यावा, एवढेंच काम. निर्वेध प्रसूतींपुरतें पाहिलें, तर सोबत असलेल्या स्त्रिया दाखल झाल्यापासून सरासरी सुमारें ९ तासांत मोकळ्या झाल्या. इतरांस सुमारें १९ तास लागले. पुढें अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें चारशेंहून अधिक स्त्रियांची अशीच पाहणी झाली. १९९१ च्या त्या वृत्तांतांत, सोबत असलेल्या शंभर स्त्रियांत सुमारें ८ जणींवर पोट फाडून मूल काढण्याची वेळ आली. सोबत नसलेल्यांत हेंच प्रमाण १८ होतें. २०१७ सालीं १७ देशांतील २६ प्रयोगांचा एकत्र विचार झाला. त्यांत १५ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. निष्कर्षाची दिशा तीच निघाली, आणि सोबतीपासून अपाय झाल्याचें कोठेंही आढळलें नाहीं.

याचें कारण शरीरांतच आहे. भ्यालेल्या देहांत जे स्राव वाढतात, ते गर्भाशयाच्या कळांना मंद करतात. भय ओसरलें कीं कळांना आपली गति सांपडते.

सोबतीण जर शिकलेली सुईण असेल, तर आणखी एक लाभ होतो. कळांच्या पहिल्या अवस्थेंत बाळाचे ठोके दर १५ ते ३० मिनिटांनीं, व दुसऱ्या अवस्थेंत दर ५ मिनिटांनीं ऐकावयाचे असतात. जवळच बसलेलीचा हा नेम सहसा चुकत नाहीं. रक्तस्राव किंवा अडलेली प्रसूति यांवर धीराचे शब्द हा उपाय नव्हे. तेथें डॉक्टरच हवा. पण डॉक्टरला वेळेवर हांक मारण्यास कोणी तरी उशाशीं असावें लागतें.

भारत सरकारनें २०१६ सालीं सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळीं एका स्त्री-सोबतिणीस मुभा दिली, आणि २०१८ सालीं शिक्षित सुईणींच्या १८ महिन्यांच्या शिक्षणक्रमाची योजना आंखली. तथापि कागदावरील मुभा खाटेपाशीं आपोआप पोंचत नाहीं. घरांत बाळंतपण व्हावयाचें असेल, तर औषधें, दुपटीं आणि डिंकाचे लाडू यांची तयारी सर्वच करतात. त्याबरोबर सातव्या महिन्यांतच रुग्णालयांत जाऊन एक प्रश्न विचारावा : कळा सुरू झाल्यापासून मूल जन्मेपर्यंत हिच्याजवळ कोण बसेल? या प्रश्नाला नांवानिशीं उत्तर मिळालें, तर अर्धी काळजी मिटली असें समजावें.