सायकल आणि सेवा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, संसार सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. परंतु मंडळाने सेवाकार्यासाठी दोन सायकली घ्याव्यात अशी सूचना मी मांडली, तेव्हा "मग दोन शब्द तुम्हीच बोला" अशी अध्यक्षबाईंची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे.

गेले वर्षभर मी मुलाची जुनी सायकल घेऊन दुपारी गावाबाहेरच्या वस्तीवर जाते. तेथे तीन वृद्ध माणसे एकटी राहतात. कुणाची औषधे पोचवायची, कुणाचे रेशन आणून द्यायचे, कुणाच्या डोळ्यांत थेंब घालायचे, एवढेच माझे काम. सासूबाई म्हणाल्या, "या वयात हे शोभते का?" आपल्यापैकीही काही भगिनींनी तेच विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला तामिळनाडूतील बायकांच्या हकिकतीत सापडले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती आपल्या पुस्तकात लिहिली आहे आणि माझ्या मुलीने ती मला समजावून सांगितली.

तामिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा गरीब, खेड्यापाड्यांचा जिल्हा आहे. १९९१ च्या सुमारास तेथे साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. तिचे नाव 'अरिवोळी इयक्कम', म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ. शिकवणारी माणसे गावातलीच, स्वयंसेवक. बायकांना अक्षरे शिकवायची तर बायकांनीच पुढे यायला हवे. पण या गावाहून त्या गावाला जायचे कसे? बस क्वचितच येणार. सोबतीला बाप, भाऊ किंवा नवरा हवा, आणि त्यांना सवड नाही. तेथील जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी हे ओळखले आणि सायकल शिकणे हा साक्षरतेच्या कामाचाच एक भाग ठरवला. बँकांनी सायकलींसाठी कर्जे दिली. शेतमजूर बायका, दगडाच्या खाणीत राबणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या बाई, शिक्षिका, सगळ्या शिकू लागल्या. रस्त्यात पुरुषांचे टोमणे ऐकावे लागले, तरी त्या थांबल्या नाहीत. १९९२ सालच्या महिला दिनी, ८ मार्चला, दीड हजारांहून अधिक बायका सायकलींवरून पुदुकोट्टै शहरात निघाल्या!

एक गंमत ऐका. त्यांतल्या कित्येकींना बायकांच्या सायकलीपेक्षा पुरुषांची दांडीची सायकल अधिक पसंत पडली. का? तर मधल्या दांडीवर मूल बसवता येते. मूल पुढे, सामान मागे, आणि आई निघाली कामाला. आईपणही सुटले नाही आणि कामही अडले नाही.

मला या हकिकतीतून एक गोष्ट पटली. आपल्या हातून सेवा होत नाही ती मन नसते म्हणून नव्हे. सकाळचे पाणी, डबे, स्वयंपाक आवरल्यावर आपल्याला दोन तास मिळतात. त्यातला एक तास बसची वाट पाहण्यात गेला, तर उरलेल्या तासात काय होणार? संध्याकाळच्या दिवाबत्तीला घरी परतायचे असते. माझी वस्ती पायी पाऊण तासावर आहे. सायकलने पंधरा मिनिटांत पोचते. वाचलेला वेळ त्या आजींच्या उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट मनाची आहे. पुदुकोट्टैच्या बायका शिकवण्यासाठी सायकलवर बसल्या. मग त्याच सायकलीवरून त्यांनी पाणी आणले, भाजी बाजाराला नेली, मुलांना शाळेत पोचवले. कुणाच्या सवडीची वाट पाहणे संपले. दुसऱ्याच्या कामासाठी घराबाहेर पडलेले पाऊल शेवटी त्यांच्या स्वतःच्याही कामी आले. भगिनींनो, मलाही आता बँकेत जायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

तेव्हा वयाचे काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे: ज्या वयात आपण डोक्यावर हंडा घेऊन चालतो, त्या वयात सायकलवर तोलही सांभाळू शकतो. निऱ्यांना पिन लावावी, पदर खोचावा, चेनला कव्हर बसवून घ्यावे, म्हणजे साडी अडकत नाही.

माझी विनंती एवढीच की हळदीकुंकवाच्या वाणासाठी आपण जी वर्गणी काढतो, ती एक वर्ष सायकलींसाठी द्यावी. दोन्ही सायकली दांडीच्या नि मागे कॅरिअर असलेल्या घ्याव्यात. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर यावे. सीट धरायला मी असेन. एकटी मी तीन घरे पाहते. आपण दहाजणी झालो, तर गावातले एकही म्हातारे माणूस औषधावाचून राहणार नाही.