पंच पडला, पुढे काय?

(एपिसोडचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" थोडे कमी केलेत.)

आज अकोल्यातल्या आणि आसपासच्या नाटकवाल्या पोरापोरींशी बोलायचंय. गॅदरिंगला स्किट करणारे, एकांकिका घेऊन नगरला जाणारे, गणपतीत मंडळापुढे काहीतरी बसवणारे, सगळे. बाकीच्यांनीही ऐका, कारण तालीम सगळीकडे सारखीच असते. शाळेचा एक वर्ग, बाजूला ढकललेले बाक, आणि सारखा घड्याळाकडे बघणारा एक जण, कारण त्याला राजूरची शेवटची एसटी धरायचीय.

विषय आहे विनोदी नाटकाची तालीम. तुम्ही हे सगळ्यांनी बघितलंय. पहिल्या वाचनाला पोरं हसून लोळतात. चौथ्या दिवशी कुणी हसत नाही. दहाव्या दिवशी दिग्दर्शकाला वाटायला लागतं की स्क्रिप्टमध्येच दम नाही. मग काय होतं? नट आवाज वाढवतो. तोंड वेडंवाकडं करतो. कुणीतरी चप्पल काढून मारायचा सीन घालतं. कुणी म्हणतं, याला साडी नेसवू या, लोक हसतीलच. आणि टीव्हीवर कुणीतरी ज्या आवाजात बोललं होतं, तो आवाज अकोल्याच्या पोराच्या तोंडातून यायला लागतो. तिथं ते नाटक गेलं.

यात स्क्रिप्टचा दोष असेलच असं नाही. गंभीर नाटकाची तालीम प्रेक्षकांशिवाय बऱ्यापैकी करता येते. दोघं भांडतायत, रडतायत, त्यांना एकमेक पुरतात. विनोदी नाटकात मात्र एक नट तालमीला येतच नाही. तो थेट प्रयोगाला येतो. तो म्हणजे समोर बसलेले लोक. तुमच्या वाक्यानंतर त्यांचं वाक्य असतं, म्हणजे त्यांचं हसू. ते कधी येतं, कधी उशिरा येतं, कधी येतच नाही. आणि जे वाक्य येईल की नाही याचा भरवसा नाही, त्याची तालीम कशी करायची?

माझं म्हणणं एवढंच आहे की पंच मारायची तालीम थोडी कमी करा आणि पंच पडल्यावर काय करायचं याची तालीम करा. आणि ही विद्या विदूषकाकडे आहे. विदूषक म्हणजे सर्कशीतला जोकर एवढंच डोक्यात आणू नका. आपल्याकडे त्याला फार जवळचं नाव आहे, सोंगाड्या.

अकोल्याहून संगमनेर किती लांब आहे? तासाच्या आत पोचता. कांताबाई सातारकरांचा फड तिथलाच. कांताबाई २०२१ मध्ये गेल्या. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर स्वतः सोंगाड्या. तमाशा म्हटलं की आपल्याला लावणी आठवते, मोबाईलवर रीलही तिचीच येते. पण गण झाला, गौळण झाली, वग सुरू झाला, आणि समोर मोकळ्या मैदानात हजारभर माणसं बसलीत, त्यातली निम्मी उठून चहाला जायच्या बेतात आहेत, तेव्हा त्यांना धरून कोण ठेवतं? सोंगाड्या. जुन्या वगाचे संवाद सगळे लिहिलेले नसायचेच. गोष्ट ठरलेली, बोलणं तिथल्या तिथं. त्यामुळं एखादा विनोद पडणार हे त्याला माहीतच असायचं. पडला की तो घाबरत नाही. तो ढोलकीवाल्याकडे बघतो. "तुला तरी कळला का?" असं डोळ्यांनीच विचारतो. आणि लोक हसतात. कशाला हसले? विनोदाला नाही, विनोद पडल्यावर त्याचं जे झालं, त्याला.

आता हीच गोष्ट पॅरिसमध्ये एका माणसाला वेगळ्या वाटेनं सापडली. जाक लकॉक नाव. त्यानं १९५६ मध्ये तिथं नाट्यशाळा काढली. एकदा त्यानं विद्यार्थ्यांना सांगितलं, गोल करून बसा, एकेकानं मध्ये या आणि आम्हाला हसवा. झालं. कुणी कोलांट्या मारल्या, कुणी शाब्दिक कोट्या केल्या. कुणीच हसेना. शेवटी बिचारे हरून, चिडून, लाजून आपल्या जागेवर जाऊन बसले. आणि त्या क्षणी, त्यांचे ते पडलेले चेहरे बघून, सगळे हसायला लागले. लकॉकच्या लक्षात आलं की माणूस हसवायला जातो तेव्हा हसू येत नाही, तो उघडा पडतो तेव्हा येतं. पुढं त्यानं लाल नाकाला जगातला सगळ्यात छोटा मुखवटा म्हटलं. छोटा का, तर तो लपवण्यापेक्षा दाखवतो जास्त.

त्याच्याच तालमीत तयार झालेला फिलिप गोलिए. त्यानं पुढं स्वतःची शाळा काढली. त्याच्याजवळ एक ढोल असायचा. विद्यार्थी रंगमंचावर आला, मजा येईना, की ढोलावर थाप. जा, बस खाली. आपल्याकडे ढोलकी आहे, हलगी आहे. त्याबद्दल पुढं सांगतो.

तर तालमीत नक्की करायचं काय? तालमीच्या सुरुवातीची वीस मिनिटं काढा. जास्त नको.

सगळ्यात आधी रिकामा प्रवेश. एक जण बाहेर जातो, आत येतो, मध्ये उभा राहतो, समोर बसलेल्यांकडे बघतो. बोलायचं नाही, काही करून दाखवायचं नाही. एक मिनिट. ऐकायला सोपं वाटतं ना? दहाव्या सेकंदाला हात कुठं ठेवायचे कळत नाही. विसाव्या सेकंदाला पोरगा केस नीट करतो. मग एक ओशाळं हसू येतं, आणि समोरचे फुटतात. ते ओशाळं हसू, ती हाताची चुळबुळ, ते त्याचं स्वतःचं आहे. टीव्हीवरून आणलेलं नाही. दिग्दर्शकानं तेवढंच वहीत टिपून ठेवायचं. कुणाचे कान लाल होतात, कोण उगाच ऐटीत उभा राहतो, कोण आधीच "सॉरी" म्हणतो. तुमच्या नाटकातला सरपंच, तलाठी, नवरदेव यातूनच उभा करायचाय.

दुसरा खेळ मला सगळ्यात कामाचा वाटतो, म्हणून यावर जरा थांबतो. त्याचं सूत्र आहे, एक गोष्ट, एक नजर. समजा सीन असा आहे. सासरा येतो, जावई खुर्ची पुढे करतो, खुर्चीचा पाय निघतो. आपली पोरं काय करतात? पाय निघाला, आरडाओरडा, पळापळ, सगळं एकदम. समोरच्याला कळतच नाही कशाला हसायचं. आता तुकडे करा. पाय निघाला. थांब. हातातल्या पायाकडे बघ. आता प्रेक्षकांकडे बघ, खरंच मान वळवून बघ, आणि तुझ्या मनात जे असेल ते त्यांना दिसू दे. मग सासऱ्याकडे बघ. मग पुढचं काम. वगात राजा काहीतरी भारदस्त हुकूम सोडतो आणि सोंगाड्या आधी राजाकडे, मग लोकांकडे बघतो, तेच हे.

यावर कुणी म्हणेल, आमची एकांकिका वास्तववादी आहे, त्यात नट प्रेक्षकांकडे कसा बघणार? बरोबर आहे. म्हणून तालमीत चार-पाच दिवस मान वळवून करायचं, आणि नंतर मान वळवणं काढून टाकायचं. पण तेवढी वेळ तशीच ठेवायची. आतल्या आत प्रेक्षकाकडे बघून यायचं. ज्याला आपण टायमिंग टायमिंग म्हणतो ना, ते बऱ्याचदा एवढंच असतं. ज्या जागी तुम्ही मनातल्या मनात लोकांकडे बघता, तिथं लोकांना हसायला जागा मिळते. जागाच ठेवली नाही तर हसणार कुठं? पुढचं वाक्य ऐकायला जाईल म्हणून ते हसू गिळतात.

यातच जोडीचा खेळ येतो. कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी 'जहरी प्याला' या वगातल्या हवालदारांमुळं महाराष्ट्रभर माहीत झाली. दोघं जुळे भाऊ. अशा जोडीत एक जण बोलत असताना दुसऱ्याचं तोंड बघायचं असतं. तुमच्या तालमीत एक दिवस असा करा की ज्याचं वाक्य आहे त्याच्याकडे बघायलाच बंदी. समोर बसलेल्यांनी फक्त ऐकणाऱ्याकडे बघायचं. निम्म्या पोरांचं तेव्हा लक्षच नसतं, ती आपल्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभी असतात. लगेच पकडली जातात.

तिसरा खेळ, भाषाच काढून घ्या. पूर्ण सीन अगडमबगडम भाषेत करा. अर्थ नाही, शब्द नाहीत, पण प्रत्येकाला काय पाहिजे ते मात्र कळलं पाहिजे. हे काही पोरखेळ नाही. रजत कपूर यांच्या 'सी फॉर क्लाऊन'मध्ये विदूषक अशाच भाषेत बोलतात, आणि त्यांच्याच 'हॅम्लेट, द क्लाऊन प्रिन्स'मध्ये विदूषकांची टोळी शेक्सपिअरची शोकांतिका करायला निघते. त्यात अतुल कुमार होते, ज्यांच्या कंपनी थिएटरनं कामशेतजवळ तालमीची जागा उभी केलीय. म्हणजे हे सगळं आपल्याच राज्यात चाललंय. तर, अगडमबगडममध्ये सीन केला आणि कुठंच हसू आलं नाही, तर समजा की तुमचा विनोद सगळा शब्दांत अडकलाय, माणसांमध्ये काही घडतच नाहीये. मग सीन परत बसवा.

आता ढोलकी. एक जण समोर येऊन एक किस्सा सांगायला लागतो. समोर बसलेल्यांनी मैत्रीखातर हसायचं नाही. खरं हसू आलं तरच हसा. दहा सेकंद शांतता झाली की ढोलकीवर थाप. थाप पडली म्हणजे हे पडलं, हे त्या नटानं मान्य करायचं. कारणं द्यायची नाहीत, आवाज वाढवायचा नाही. फक्त "पडलं" हे चेहऱ्यावर येऊ द्यायचं, आणि मग पुढं काहीतरी वेगळं करायचं. पहिल्या दिवशी पोरं थापेला घाबरतात. आठ दिवसांनी थापेची वाट बघतात, कारण खरी मजा थापेनंतर सुरू होते हे त्यांना कळलेलं असतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गोलिए विद्यार्थ्यांचा फार तिखट शब्दांत अपमान करायचा, आणि त्याचे किस्से लोक कौतुकानं सांगतात. ते तुम्ही करायचं नाही. त्याच्याकडे येणारे पैसे भरून, ठरवून आलेले असायचे. तुमच्या तालमीत समशेरपूरहून, कोतूळहून आलेली अकरावीतली मुलगी आहे, जी पहिल्यांदाच चार पोरांपुढं उभी राहिलीय, आणि घरी खोटं बोलून आलेली असू शकते. थाप विनोदावर मारायची. तिच्या बोलण्यावर, रंगावर, गावावर एक शब्द नाही. आणि थाप पहिल्यांदा दिग्दर्शकानं स्वतःवर मारून घ्यायची.

मुलींचा विषय निघालाच आहे. आपल्या एकांकिकांत मुलींना बहुतेक वेळा आई, नाहीतर प्रेयसी. विनोद पोरांकडे, मुली बाजूला उभ्या राहून "अहो, काय हे" म्हणणार. तमाशातही सोंगाड्या पुरुष आणि मावशीही पुरुषच. पण रिकामा प्रवेश सगळ्यांना करायला लावा आणि मग बघा. वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी उभी राहते, कुणाकडे तरी रोखून बघते, आणि अख्खा वर्ग फुटतो. ती विदूषक आहे. तिला सरपंच करा. साडी नेसलेला पोरगा मग लागतच नाही.

तसंच गौळणीतला पेंद्या. लंगडा, बोबडा पेंद्या करून पिढ्यान् पिढ्या हशे मिळाले. परंपरेचा मान राखूनही मला वाटतं, हे सोडून द्यावं. विदूषक दुसऱ्याचं व्यंग उसनं आणत नाही, तो स्वतःचं ध्यान समोर ठेवतो. आणि तुमचं स्वतःचं ध्यान पुरेसं आहे, काळजी करू नका.

याचा त्रासही आहे, तो सांगतो. एकदा पोरांना पडण्यातली मजा कळली की ती थांबत नाहीत. प्रत्येक वाक्यानंतर लोकांकडे बघत बसतात. 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये आलं, तेव्हा वसंत सबनीसांच्या लिखाणातच ती ढील होती आणि दादा कोंडके रोज ताज्या घडामोडींवर काहीतरी घालायचे. ते दादा कोंडके होते. तुमच्या स्पर्धेला वेळेची मर्यादा आहे, पडदा उशिरा पडला तर तुमचेच गुण जाणार. म्हणून शेवटचे पाच-सहा दिवस खेळ बंद, स्क्रिप्ट जशीच्या तशी, घड्याळ लावून. खेळातून जे सापडलं त्यातलं चार-पाच जागांपुरतं ठेवायचं, बाकी सोडायचं. सोडताना वाईट वाटतं, पण सोडा.

आणि प्रयोगाआधी एकदा तरी अनोळखी लोकांसमोर तालीम करा. मित्र नकोत, ते आधीच हसायच्या तयारीत येतात. वसतिगृहातली पोरं बोलवा, शाळेचे शिपाईमामा, शेजारच्या आजी. पंखा चालू ठेवा, दार उघडं ठेवा, कारण हॉलमध्येही तसंच असणार आहे. ढोलकी जवळ असू द्या, पण त्या दिवशी थाप मारू नका.

जत्रांचा हंगाम आला की जवळच्या गावात फड येईलच. जा. फोन खिशात ठेवा. लावणीला सगळेच बघतात, तुम्ही सोंगाड्याचा एखादा विनोद पडायची वाट बघा, आणि पडला की पुढची पाच सेकंदं त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवू नका. काय दिसलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू.