स्नायुक्षयाच्या रुग्णाला उचलताना

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पडलेल्या मुलाला काखेत हात घालून उभे करणे ही सर्वांचीच सहजप्रवृत्ती. निरोगी मुलाच्या बाबतीत त्यात वावगे काही नाही. परंतु ड्युशेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्नायुक्षयात हीच सहजता घातक ठरते. या मुलांच्या खांद्यांभोवतीचे स्नायू इतके दुबळे झालेले असतात की, काखेत धरून ओढताच हात वर जातात आणि मूल खाली निसटते.

हा विकार आनुवंशिक असून प्रामुख्याने मुलग्यांत आढळतो. डिस्ट्रॉफिन या प्रथिनाच्या अभावी स्नायूंचे तंतू हळूहळू नष्ट होतात. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास मूल वारंवार पडू लागते, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकते. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. त्यामुळेच की काय, शाळेत त्याला आळशी ठरविले जाते. व्यायामशिक्षकांनी त्याला दमेपर्यंत कवायत करावयास लावू नये. पुढे, साधारणतः बाराव्या वर्षाच्या आसपास, चाकांची खुर्ची येते. स्टिरॉइड औषधांनी ती वेळ काही काळ लांबते, पण त्याच औषधांनी हाडेही ठिसूळ होतात. म्हणूनच चालत्या मुलाचे एक साधे पडणे त्याचे चालणे कायमचे थांबवू शकते.

मग उचलावे कसे? प्रथम त्या मुलालाच विचारावे. आपल्याला कोठे धरले म्हणजे दुखत नाही, हे त्याला व त्याच्या आईला जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कोणास नसते. मूल लहान असेल तर एक हात पाठीमागून व दुसरा दोन्ही मांड्यांखालून घालून, अंगाशी घट्ट धरून उचलावे. मान सावरू शकत नसेल तर डोक्याला आधार द्यावा. मोठ्या मुलास एकट्याने उचलू नये. जाड चादर अंगाखाली सरकवून, चौघांनी चार कोपरे धरून, एकाच्या इशाऱ्यावर एकदम उचलावे. गुडघ्यांत वाकावे, कमरेत नव्हे. वर्षानुवर्षे मुलाला उचलणाऱ्या आईची पाठ निकामी झाली तर त्या घरात उचलणारे दुसरे कोण उरणार? हात वा पाय धरून ओढू नये, आखडलेले सांधे बळाने सरळ करू नयेत. खुर्चीत बसविल्यावर पट्टा बांधावा आणि पावले पायटेकणीवर आहेत की नाहीत, ते पाहावे. लोंबकळणारे पाऊल दाराच्या चौकटीत सापडते.

पडल्यानंतर पाय दुखत असल्यास हाड मोडले असे समजूनच वागावे. त्यानंतर एक-दोन दिवसांत दम लागला किंवा मूल असंबद्ध बोलू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मोडलेल्या हाडातील चरबी रक्तावाटे फुप्फुसांत गेल्याचे ते लक्षण असू शकते.

पंचायत सदस्यांनी शाळेचा उतार तपासावा. एक फूट उंचीस निदान बारा फूट लांबी हवी. पुष्कळ ठिकाणी उतार म्हणून बांधलेली घसरगुंडीच आढळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये या विकाराचा समावेश आहे, तेव्हा ही मेहरबानी नव्हे.

आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेपूर्वी हा विकार भूलतज्ज्ञांस सांगितलाच पाहिजे. सक्सिनिलकोलीन हे औषध व हुंगून देण्याची काही भुलीची औषधे या मुलांच्या जिवावर बेततात. एवढे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून दप्तरात कायम ठेवावेत, आणि ती चिठ्ठी तेथे असल्याचे वर्गशिक्षकांस माहीत असावे.